पांढरं रात्रभर ठेवायचं नाही

शेअर रिक्षात शेजारी बसलेली बाई आधी माझ्या हातांकडे बघते, मग तोंडाकडे, मग परत हातांकडे. नखं निळी असली तर हळूच विचारते, "मावशी, हार्टचा काही त्रास आहे का?" हिरवी असली तर मेंदीची चौकशी. एकदा तर एका भल्या माणसानं माझे लालगुलाबी हात बघून रिक्षा दवाखान्यासमोर थांबवायला लावली. त्याला म्हटलं, "बाबा रे, रक्त नाही ते, राणी कलर आहे. घासला तरी दोन दिवस निघत नाही." तो बिचारा ओशाळला. मी मात्र पुढच्या नाक्यापर्यंत हसत होते.

मी रंगारीण. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका गल्लीत आमचं कपडे रंगवायचं दुकान आहे. 'आमचं' म्हणायची सवय लागली, दुकान आहे लच्छूदादांचं. दादा सिंधी, जन्म इथल्याच बराकीतला. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा माझी धाकटी बालवाडीत होती, आता तिची पोरगी बालवाडीत जाते. मी राहते अंबरनाथला बुवापाड्यात. रोज दोन रिक्षा बदलून जाते आणि रोज ठरवते की आता बस झालं. सकाळ झाली की पाय आपोआप तिकडेच वळतात.

हे काम काय असतं ते सांगते, कारण हल्ली पुष्कळांना माहीतच नसतं. कुणाच्या ड्रेसची ओढणी हरवते, कुणाची साडी विटते, कुणाला परकर साडीच्या रंगाचाच हवा असतो. असं सगळं आमच्याकडे येतं. गॅसच्या शेगडीवर मोठा टोप, त्यात उकळतं पाणी, चमच्यानं रंगाची पूड, मूठभर मीठ, आणि हातात काठी. कपडा टाकायचा आणि ढवळत राहायचं. थांबलात की डाग पडला. ओला रंग नेहमी गडद दिसतो, वाळला की एक पायरी उतरतो. गिऱ्हाईक नेमकं ओला कपडा बघून भांडायला उठतं. "काकी, हा माझा रंग नाही!" अगं बाई, वाळू दे तरी. भात चुलीवर असताना कच्चा म्हणून ओरडते का कुणी?

टोपापाशी उभं राहिलं की कुठला महिना चालू आहे ते सांगावं लागत नाही. संक्रांत जवळ आली की काळा. एरवी काळ्या साडीकडे न बघणारी बाई तेव्हा जुनी साडी घेऊन येते, "काळी करून द्या, एका दिवसाचा प्रश्न आहे." मी दरवेळी सांगते की काळ्यावर नंतर दुसरा कुठलाच रंग चढत नाही. "चालेल हो." मग फेब्रुवारीत तीच बाई परत, "काकी, हिची मोरपंखी होईल का?" एप्रिलात जयंतीच्या आधी निळा. तेव्हा आमच्या वस्तीतली अर्धी बायामाणसं मला घरीच पिशव्या आणून देतात आणि मी ती गाठोडी घेऊन रिक्षात बसते. रिक्षावाले वैतागतात. मे महिन्यात लग्नं, म्हणून राणी, मोतिया, पिस्ता. मग पाऊस. पावसात बदलापूरच्या बायका सगळ्यात शहाण्या. घरापासून स्टेशनपर्यंत चिखल, म्हणून जूनमध्ये फिकट सलवारी आणून कॉफी, नाहीतर नेव्ही ब्लू करून नेतात. दिवाळीनंतर त्यातल्याच काही जणी विचारतात की हे परत फिकं होईल का. माणसाला एक रंग आवडतो वगैरे बोलायच्या गोष्टी. माझा अनुभव असा, की बाई तीच असते आणि ऊन, चिखल, सण, धूळ बघून तिची आवड वर्षातून चारदा पालटते.

आणि वयानंही पालटते. विशीत 'भडक द्या', चाळिशीत 'जरा सोबर', आणि साठी झाली की परत राणी कलर. ते बघून मला फार बरं वाटतं.

नवरात्राची तर वेगळीच गंमत. रोजचा रंग ठरलेला, ऑफिसात सगळ्या त्याच रंगात. बदलापूरची एक मुलगी होती, बँकेत लागलेली. तिनं एक पांढरी ओढणी आणली आणि म्हणाली, "काकी, हीच रोज रंगवायची. रोज नवीन कोण घेणार?" मी म्हटलं, फिक्याकडून गडदाकडे जात असू तर जमेल. पिवळा झाला, त्यावर केशरी झाला, त्यावर लाल झाला, पोरगी खूश. चौथ्या दिवशी रंग आला पांढरा. ती ओढणी हातात घेऊन माझ्यासमोर उभी.

"काकी, काहीतरी करा ना."

"काय करू? देवीला सांगू का रंग बदल म्हणून?"

त्या दिवशी ती माझी स्वतःची पांढरी ओढणी घेऊन गेली. ती अजून परत यायची आहे.

उलटी तऱ्हा होती एका आजीची. बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातली शेतकरीण. भाताची कापणी उरकली की वर्षातून एकदा यायची, तेच एक लुगडं घेऊन. उन्हात शेतात राबून त्याचा रंग उडालेला असायचा. मी सांगायचे, आजी, यंदा जरा वांगी रंग करू, छान दिसेल. "नको बाय. मना ह्योच पायजे." मग दुकानातल्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसायची आणि लुगडं वाळेपर्यंत हलायची नाही. दादा तिला चहा पाजायचे. ती दादांना विचारायची, "तुमची शेती कुठं?" दादा म्हणायचे, "हीच माझी शेती." आणि टोपाकडे बोट दाखवायचे.

आता पांढऱ्याचं सांगते, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले.

आमच्या दुकानात पांढरं आलं की ते बहुतेक शोकाचं असायचं. सिंधी, पंजाबी, गुजराती, यूपीवाले, कुणाकडेही माणूस गेलं की बायका पांढरं नेसतात. दिवस झाले की ते पांढरं आमच्याकडे येतं, रंग चढवायला. दादांचा ह्या बाबतीत एक नियम होता, शोकाचं पांढरं दुकानात रात्रभर ठेवायचं नाही. कितीही काम पडलेलं असो, त्याच दिवशी संध्याकाळच्या आत रंगवायचं. आणि रंग विचारायचा नाही. "रडणाऱ्या बाईला शेडकार्ड दाखवतात का?" असं दादा म्हणायचे. सरळ बदामी द्यायचा. फार उठून दिसत नाही आणि पांढराही राहत नाही. पैसेही त्याचे कमी घ्यायचे. मला हा नियम फार आवडायचा. नियमामागचं कारण मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

आमच्यात, म्हणजे बौद्ध समाजात, पांढरं लग्नाचं. नवरी पांढरी साडी नेसते, नवरा पांढऱ्या कपड्यात, पाहुणेही निम्मे पांढऱ्यात. इतकी वर्षं मी दादांसोबत काम केलं, पण ही गोष्ट आमच्या बोलण्यात कधी आलीच नाही. येणार कशी? नवरीची साडी नवीकोरी घेतात, ती रंगाऱ्याकडे कशाला येईल? माझ्या पोरींच्या लग्नाला दादांनी आहेर पाठवला, मिठाई पाठवली, पण स्वतः आले नाहीत. दुकान बंद ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही.

जुलै महिना होता. सकाळपासून झोडपत होतं. आमच्या लोकांना मुहूर्ताची अडचण नसते. हॉल स्वस्तात मिळाला की भर पावसातही लग्न उरकतात. त्या बुधवारी मी रंगाची पूड आणायला कल्याणला गेले होते आणि परत यायला मला संध्याकाळ झाली. छत्री झटकून आत आले तर दोरीवर एक साडी वाळत होती. सुती, मऊ पडलेली, बोटभर निळी किनार, आणि अंग बदामी.

ती किनार मी लांबून ओळखली. आमच्या वस्तीत एके काळी लग्नाला हमखास हीच साडी घेत, माझीसुद्धा हीच होती.

"दादा, ही कुणाची?"

"एक बाई आली होती. अंबरनाथची. बोली, मेरी बहन की साडी है. बहन चली गयी. साफ करून द्या, म्हणाली. आणि रडायला लागली." दादांनी हात पसरले. "पांढरी साडी, बहन गयी, बाई रोती है. और क्या पूछूँ मैं?"

"कोणती बाई? नाव काय सांगितलं?"

"बुवापाडा बोली. तुझं नाव पण घेतलं. रंजना आहे का, विचारत होती."

मी साडीजवळ गेले. पदराच्या एका कोपऱ्यावर बारीक गंजाचे ठिपके होते, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेल्या कपड्यावर पडतात तसे. साफ करून द्या म्हणजे हे काढून द्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या गल्लीतल्या प्रज्ञाचं लग्न रविवारी होतं. प्रज्ञा आनंदनगरला, कारखान्यांच्या भागात, एका कंपनीत हिशोबाचं काम करते. ती नववीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून मावशीनं, आईच्या बहिणीनं, तिला वाढवलं. ती आईच्याच साडीत उभी राहणार हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

"दादा, आमच्यात नवरी पांढरं नेसते."

"काय?"

"नवरी. दुल्हन. पांढरं आमच्याकडे लग्नाचं असतं. ही लग्नाची साडी आहे. पोरीच्या मेलेल्या आईची लग्नाची साडी. आणि रविवारी पोरीचं लग्न आहे."

दादा स्टूलावर बसले. मी मात्र गप्प बसणारी नाही. "विचारायला काय जात होतं? जरा थांबला असतात तर काय दुकान बुडालं असतं?" असं मी खूप बोलले. मालकाला बोलू नये तेही बोलले. माझं बोलून झाल्यावर दादा म्हणाले, "मेरी माँ… मी आठ वर्षांचा होतो, बाप गेला. बराकीत राहायचो. दिवस झाले, तिला कुणी येऊन बोललंच नाही की आता रंग घाल. ना सासू थी, ना माँ थी. फाळणीत सब बिखर गये थे. ती पांढरं नेसत राहिली. मरेपर्यंत. मला रंगवता यायला लागलं तेव्हा ती नव्हती."

म्हणून तो नियम. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते. राग कुठल्या कुठे गेला, पण साडी बदामीच होती.

सकाळी मावशी आणि प्रज्ञा दोघी आल्या. मी रात्रीच फोन करून सांगितलं होतं. मावशी आली ती भडकूनच. "मी साफ करा सांगितलं होतं! रंगवा कुठं सांगितलं?" मग दोरीवरची साडी बघून तिचा आवाजच बसला. प्रज्ञानं साडीचा पदर गालाला लावला. तिचे डोळे भरून आले तेव्हा दादा उठून मागे टोपांपाशी गेले.

मी पोरीला बाकावर बसवलं आणि खरं ते सांगितलं. रंग काढता येतो. त्याला आम्ही कट करणं म्हणतो. हायड्रो नावाची पूड असते, गरम पाण्यात टाकली की रंग खाऊन टाकते. रंग फिका आहे, पक्का करायचं औषध अजून लावलेलं नाही, म्हणजे निघेल. गंजाचे ठिपकेही त्यातच जातील. पण दोन गोष्टी आहेत. हायड्रोला बदामी काय नि निळा काय, सारखंच. किनारही जाईल. ती मी बांधून वाचवायचा प्रयत्न करीन. आणि सूत जुनं आहे. गरम पाण्यात, औषधात, ते टिकेलच असं मी सांगू शकत नाही. काठीला चिंध्या लोंबत वर आल्या तर माझा इलाज नाही.

"नाहीतर ती अशीच राहू दे," मावशी म्हणाली. आता तिचा आवाज मऊ झाला होता. "बदामी तर बदामी. नवीन पांढरी घेऊ आपण. ही कपाटात ठेव. निदान अख्खी राहील."

प्रज्ञानं मला विचारलं, "काकू, तुम्ही काय केलं असतंत?"

मी कोण सांगणारी? माझ्या स्वतःच्या लग्नाच्या साडीची मी केव्हाच गोधडी शिवली होती. म्हटलं, "बाळा, मी नाही सांगणार. फाटली तर तू मला जन्मभर दोष देशील. ते चालेल मला. पण ठरव तू."

तिनं दोरीवरची साडी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "करा कट. फाटली तर फाटलेली नेसेन. पण आईची पांढरी नेसेन."

दादा काठीला हात लावायला तयार नव्हते. "मेरे हाथ से नहीं होगा, रंजू." मग मीच बसले. साडी उभी दुमडली म्हणजे दोन्ही किनारी एकावर एक येतात. त्या चुण्या करून गोळा केल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आणि वरून सुतळी करकचून बांधली. मावशी एका टोकाला, प्रज्ञा दुसऱ्या टोकाला, मी मधे. साडेपाच मीटर बांधायला दुपार झाली. बोटांची सालपटं निघाली. बांधताना मावशी आपल्या बहिणीचं लग्न सांगत होती. मांडवात पाणी शिरलं होतं, नवरी विटांवर उभी राहिली होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं. प्रज्ञानं हे आधी कधी ऐकलं नव्हतं. "मावशी, तू मला का नाही सांगितलंस?" "तू विचारलंच कधी? आईचं नाव काढलं की उठून जायचीस."

पाणी फार उकळू दिलं नाही. हायड्रो टाकलं. उग्र वासानं सगळ्यांनी नाकाला पदर लावले. साडी मी काठीनं नाही सोडली, हातांनी सोडली, रबरी हातमोजे घालून, तान्ह्या पोराला पाण्यात घेतात तशी खालून आधार देत. किनारीची गुंडाळी टोपाच्या काठावर प्रज्ञानं धरली होती. टोपात काय होतंय ते बघायला ती वाकली आणि गुंडाळी हलली. मी ओरडले, "हलवू नकोस!" आणि मग मलाच वाईट वाटलं.

आधी काहीच झालं नाही. मग बदामी रंग पिवळट दिसायला लागला. मग एका जागी पांढरं उमटलं, आणि तिथून ते पसरत गेलं. मावशी नुसती "अगं बाई, अगं बाई" करत होती. दादा मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी म्हटलं, "दादा, फिरा. बघा तरी." ते फिरले नाहीत. हात जोडून उभे राहिले.

थंड पाण्यातून तीनदा काढली. सुतळ्या सोडल्या. एका ठिकाणी प्लास्टिकमध्ये पाणी शिरलं होतं आणि तिथं किनार जरा फिकी पडली होती. बाकी निळी शाबूत. पदरापाशी सूत इतकं विरलं होतं की पलीकडचा माणूस दिसावा, पण फाटलं नव्हतं. एवढी पांढरी तर माझ्या लग्नातली माझी साडीही नव्हती. मी तिथंच ओल्या लादीवर बसले आणि रडले. कामावर मी कधी रडले नव्हते.

आता वाळवायची कशी? बाहेर पाऊस कोसळतोय, हवेत ओल, आणि ओल्या सुती साडीला असंच ठेवलं तर काळी बुरशी धरते. दोरीवर टाकायची माझी हिंमत होईना, आपल्याच ओझ्यानं पदर फाटला असता. मग दादा भिंतीपासून हलले. दुकानाच्या दारात उभे राहून त्यांनी सगळ्या गल्लीला हाक मारली, "अड़े, जरा हाथ लगाओ! शादी की साड़ी है!" शेजारची पापडवाली आंटी आली. मोबाइलची कव्हरं विकणारा आला. लेस-बटणवाला आला. पत्र्याच्या छपराखाली बोळात सगळ्यांनी मिळून साडी आडवी धरली, दोन्ही किनारींना चिमटीत, आणि हळूहळू हेलकावे द्यायला लागले. दुकानातला पंखा दारात आणून लावला. पापडवाली आंटी म्हणाली, "आमचे पापड पण पावसात असेच नाटकं करतात." तिचे हात दुखायला लागले की दुसरं कुणी पकडायचं. येणारंजाणारं गिऱ्हाईक विचारायचं आणि सामान खाली ठेवून किनार धरायचं. कुणी कुणाची जात विचारली नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. मी गेली कित्येक वर्षं ह्या गल्लीला शिव्या घालत आले. गटारं, गोंगाट, गर्दी, सगळ्यासाठी. त्या दिवसापासून घालत नाही.

दादांना मी बजावलं होतं, "लग्नाला यायचं. आणि पांढऱ्यात यायचं." पहिल्यांदा ते तयारच होईनात. "सफेद पहन के शादी में? लोग क्या बोलेंगे?" म्हटलं, "रंगीत घातलंत तर लोक बोलतील की हा एक माणूस असा कशाला आला." रविवारी दुकानाचं शटर खाली होतं. बुवापाड्याजवळच्या हॉलच्या दारात दादा पांढऱ्या सफारीत, केसांना तेल चोपडून, मिठाईचा डबा छातीशी धरून उभे. आत जायची हिंमत होत नव्हती. मी हात धरून आत नेलं. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, वंदनेचे सूर, पोरांची पळापळ, जेवणाच्या पंगतीची घाई. दादा सगळीकडे बघत राहिले.

"रंजू," ते म्हणाले, "इतना सफेद… आणि सगळे हसतायत."

स्टेजवर प्रज्ञा त्या साडीत उभी होती. विरलेला पदर तिनं आतल्या चुणीत घेतला होता. दादांना बघून तिनं वरूनच हात केला. दादांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "डोळ्यात धूर गेला." हॉलमध्ये कुठं धूर नव्हता.

त्यानंतर दादांनी नियम बदलला. कुणी पांढरं घेऊन आलं की आता ते खुर्ची पुढे करतात, पाणी देतात, आणि मग विचारतात, "बेटा, खुशी का है या ग़म का?" काही बायका दचकतात, काही हसतात, एकदोन जणी बसून सगळं सांगतात. काम खोळंबतं. मी कुरकुर करते, दादा ऐकत नाहीत. आता काम तसंही कमी झालंय. हल्ली सगळं सेटच मिळतं, ओढणीपासून सँडलपर्यंत मॅचिंग, मोबाइलवर बोट लावलं की घरी. जुनं रंगवून नेसायचं हे पोरींना ठाऊकच नाही. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण ह्या धंद्यानं मला जेवढं दिलं तेवढं कुणाला कुठलं ऑफिस देत असेल असं मला वाटत नाही.

थंडी पडायला लागली होती, बदलापूरकडून येणारी गिऱ्हाइकं स्वेटर घालून यायला लागली होती, तेव्हा प्रज्ञा आली. अंगानं थोडी भरलेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. पिशवीतून तिनं साडी काढून काउंटरवर ठेवली. किनार दादांनी लगेच ओळखली.

"क्या हुआ? फटी क्या?"

"नाही दादा. हिला बदामी करा."

दादा माझ्याकडे बघायला लागले. मलाही वाटलं, पोरगी टोमणा मारतेय.

"अगं, का?" मी विचारलं. "एवढ्या मुश्किलीनं पांढरी केली ती."

"लग्नाला लागत होती, नेसले. आता ट्रंकेत ठेवून परत गंज लावायचा का? पांढरी मी रोज कुठं नेसणार, आनंदनगरच्या धुळीत? बदामी केली की नेसता येईल. सणाला नाही हो, अशीच. मंगळवारी, बुधवारी. ऑफिसला." तिनं साडी दादांकडे सरकवली. "तुम्ही त्या दिवशी केलेला तोच रंग पाहिजे. आणि तुम्हीच करा, काकूंनी नाही."

"नहीं बेटा," दादा म्हणाले. "वो ग़लती थी मेरी."

"चूक नव्हती, दादा," प्रज्ञा म्हणाली. "काकूंनी मला तुमचा नियम सांगितलाय, शोकाचं पांढरं ठेवायचं नाही. आई जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तिचं नावसुद्धा घेऊ देत नव्हते कुणाला. तुम्ही बरोबरच केलं होतं. मलाच वेळ लागला."

दादा स्टूलावरून उठले आणि शर्टाच्या बाह्या वर सारायला लागले.